पार्श्वभूमी : डूमचे नकाशे आणि ‘व्हॅनिला’ या शब्दाचा घोळ

डूम या नेमबाजीच्या संगणक-खेळाचा पहिला नकाशा करायला बसलं की एडिटर, म्हणजे नकाशे करायचा प्रोग्राम, आधी फॉरमॅट विचारतो. ‘डूम’, ‘बूम’, ‘यूडीएमएफ’ अशी यादी समोर येते आणि नवखा माणूस वरची ओळ निवडून मोकळा होतो. घोळ तिथूनच सुरू होतो.

१९९३ च्या डिसेंबरात खेळ आला तेव्हा नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं इंजिनापासून, म्हणजे खेळ चालवणाऱ्या प्रोग्रामपासून वेगळं, वॅड नावाच्या डेटा फाइलमध्ये होतं. त्यामुळे १९९४ उजाडताच हौशी एडिटर आले. इंजिन मात्र बंदिस्त होतं, आणि त्यात ठरावीक मर्यादा होत्या : एका दृश्यात १२८ व्हिजप्लेन, २५६ ड्रॉसेग (दिसणाऱ्या भिंतींचे तुकडे), एकाच वेळी चालणाऱ्या ३० लिफ्ट, सेव्ह फाइल १७६ केबी.

व्हिजप्लेन म्हणजे ढोबळमानाने जमिनीचा किंवा छताचा दिसणारा एक तुकडा. उंची, चित्र किंवा प्रकाश यांतलं काहीही बदललं की नवा तुकडा मोजला जातो. यातली गंमत अशी, की मूळ इंजिन प्रकाश १६-१६ च्या टप्प्यांनी दाखवतं. म्हणजे १६० आणि १६८ डोळ्यांना सारखेच दिसतात, पण व्हिजप्लेन मात्र दोन खर्च होतात. १२८ ओलांडले की खेळ सरळ बंद पडतो. ड्रॉसेग ओलांडले तर खेळ चालू राहतो, पण काही भिंती काढल्याच जात नाहीत आणि तिथे आधीच्या फ्रेमचा चिखल दिसतो.

१९९७ च्या डिसेंबरात सोर्स कोड खुला झाला आणि १९९८ मध्ये बूम हा पोर्ट, म्हणजे त्या कोडवरून केलेलं सुधारित इंजिन आलं. त्याने एकाच दमात दोन कामं केली : मर्यादा उठवल्या, आणि सरकत्या जमिनी, खोल पाणी, आवाज न करणारे टेलिपोर्ट अशा नव्या सोयी दिल्या. पुढची सगळी गल्लत या जोडीतून झाली. खेळणाऱ्याच्या तोंडी ‘व्हॅनिला’ म्हणजे मॉड न लावलेला खेळ. नकाशा करणाऱ्यासाठी मात्र तो शब्द डॉसवरच्या १.९ आवृत्तीत चालणाऱ्या नकाशाचा. ‘लिमिट-रिमूव्हिंग’ म्हणजे सोयी जुन्याच, फक्त मर्यादा नाहीत. तो बूम नव्हे.

हा फरक शब्दांपुरता नाही. स्विचला टॅग (कोणता भाग हलवायचा ते सांगणारा क्रमांक) द्यायचा राहिला तर व्हॅनिलात टॅग नसलेले सगळे सेक्टर, म्हणजे नकाशाचे रेषांनी बंद केलेले भाग, एकदम हलतात. बूममध्ये बहुतेकदा काहीच होत नाही. आणखी एक समजूत काढून टाकावी : कॉम्पलेव्हल (कोणत्या जुन्या आवृत्तीसारखं वागायचं ते पोर्टला सांगणारा आकडा) २ लावून पोर्ट चालवला की वागणूक जुनी होते, पण व्हिजप्लेनची मर्यादा परत येत नाही. ती तपासायला मूळ मर्यादा जशाच्या तशा ठेवणारा चॉकलेट डूमसारखा पोर्ट लागतो.

व्हॅनिलाच्या शिस्तीचं कौतुक जरा जास्तच होतं. शिकताना खोल्या नीट जमायला हव्यात, तुकडे मोजत बसण्यात वेळ जातो. पहिल्या नकाशाला बूम फॉरमॅट आणि कॉम्पलेव्हल ९ पुरेसं आहे. नुसतं लिमिट-रिमूव्हिंग करायचं तर डूम फॉरमॅट आणि डूम २ साठी कॉम्पलेव्हल २.

मापं मात्र १९९३ चीच आहेत. नकाशाच्या एककांत खेळाडू ३२ रुंद, ५६ उंच. पायरी २४ पर्यंतच चढतो. म्हणून ग्रिड ३२ वर ठेवावा आणि वाट ६४ पेक्षा अरुंद करू नये. दार म्हणजे १६ जाडीचा सेक्टर, छत जमिनीला टेकवलेलं, दोन्ही तोंडांच्या लाइनडेफना (नकाशातल्या रेषांना) क्रिया १. त्या रेषांची पुढची बाजू दाराबाहेर हवी. आत वळली की दार ढिम्म हलत नाही. चौकटीच्या बाजूंच्या रेषांना ‘लोअर अनपेग्ड’ ही खूण लावली नाही तर दार उघडताना चौकटीचं चित्रही वर सरकतं. बाहेर पडायच्या स्विचला क्रिया ११.

यूडीएमएफ हा नंतरचा, मजकूर स्वरूपाचा फॉरमॅट. त्यात सोयी भरपूर, पण जुने पोर्ट तो उघडत नाहीत. २०२१ च्या एमबीएफ२१ या मानकाने जुन्या फॉरमॅटमध्येच भर घातली. त्याची कॉम्पलेव्हल २१. कुठलाही निवडा, वॅडसोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये नुसतं ‘व्हॅनिला’ न लिहिता कॉम्पलेव्हलचा आकडा आणि कोणत्या पोर्टवर तपासलं ते लिहावं.