एक्स फॉरवर्डिंग आणि व्हीएनसी: खिडकी नेमकी कुठे काढली जाते?

माझी भाची कर्वेनगरला राहते. आतल्या खोलीत उबुंटू टाकलेला डेस्कटॉप, हॉलमध्ये तिचा लॅपटॉप, दोन्ही एकाच राउटरवर. डेस्कटॉपवरचं क्यूजीआयएस (नकाशे बनवायचा प्रोग्रॅम) हॉलमध्ये बसून वापरायचं, एवढंच तिला हवं होतं. तिचा फोन आला, "मामा, व्हीएनसी चालत नाहीये. 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' म्हणतंय." कमांड काय दिलीस विचारलं, तर ती एसएसएचची, म्हणजे दुसऱ्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायची निघाली, पुढे कॅपिटल एक्स लावलेला. म्हणजे ते एक्स फॉरवर्डिंग होतं, व्हीएनसी नव्हे. दोन तास ती व्हीएनसीची सेटिंग्ज बदलत होती, आणि बिघाड मुळात तिथे नव्हताच.

हा घोटाळा फार जणांचा होतो, कारण डोळ्यांना दोन्हीकडे सारखंच दिसतं: तिकडचा प्रोग्रॅम इकडच्या पडद्यावर. आतलं काम मात्र वेगळं आहे.

एक्स फॉरवर्डिंगमध्ये प्रोग्रॅम डेस्कटॉपवर चालतो, पण खिडकी लॅपटॉप काढतो. इथे चौकोन काढ, तिथे अक्षरं लिही, अशा सूचना नेटवर्कवरून येतात. ही एक्स यंत्रणा १९८४ साली एमआयटीत सुरू झाली आणि तिच्या भाषेत ज्याच्याकडे पडदा आणि कीबोर्ड तो सर्व्हर. म्हणजे सर्व्हर तुमच्या मांडीवरचा लॅपटॉप, आणि आतल्या खोलीतला प्रोग्रॅम क्लायंट. सर्व्हर म्हणजे लांबचं मशीन अशी सवय असल्यामुळे निम्मे लोक इथेच चुकतात. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर एक्स सर्व्हर बहुधा असतोच. मॅकवर एक्सक्वार्ट्झ, विंडोजवर व्हीसीएक्सएसआरव्हीसारखं काही टाकावं लागतं.

व्हीएनसीत सगळा पडदा डेस्कटॉपवरच तयार होतो आणि त्याचं चित्र लॅपटॉपकडे येतं. लॅपटॉपवर फक्त बघायचा प्रोग्रॅम लागतो.

म्हणून 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' दिसलं की आधी एसएसएचने आत जाऊन 'डिस्प्ले' या व्हेरिएबलची किंमत बघा. ती 'लोकलहोस्ट:१०.०' अशी काहीतरी हवी. रिकामी असेल तर फॉरवर्डिंग झालेलंच नाही. डेस्कटॉपवरच्या एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक्स११ फॉरवर्डिंग 'येस' आहे का आणि तिथे 'एक्सऑथ' हा पडद्याची परवानगी सांभाळणारा छोटा प्रोग्रॅम टाकलेला आहे का, हे दोन्ही तपासा. भाचीकडे 'एक्सऑथ' टाकायचाच राहिला होता. ती किंमत हाताने भरू नका. एसएसएच ती स्वतः भरतं. लॅपटॉपचा आयपी तिथे घालून 'एक्सहोस्ट प्लस' ही पडदा सगळ्यांना खुला करणारी कमांड द्यायचा जुना उपाय तर अजिबात करू नका. २०१५ पासून एक्सऑर्ग हा लिनक्सवरचा एक्स सर्व्हर आपणहून नेटवर्कवर थेट ऐकतच नाही, आणि ऐकायला लावलात तर घरच्या वायफायवरचा कुणीही तुमचा कीबोर्ड वाचू शकेल.

सामान्य प्रोग्रॅम उघडतो पण 'सुडो' लावून रूट, म्हणजे मुख्य वापरकर्ता म्हणून चालवला की नाही, असं असेल तर तुमच्या होम फोल्डरमधली परवानगीची कुकी (गुप्त खूण) रूटला मिळत नाहीये. कॅपिटल एक्सने उघडलेला प्रोग्रॅम अधूनमधून अडत असेल, तर कॅपिटल वाय देऊन बघा. त्यात तिकडच्या मशीनला पूर्ण मोकळीक मिळते, तेव्हा स्वतःच्या मशीनपुरतंच. उबुंटूवरून जोडताना बहुधा दोन्ही सारखेच वागतात.

व्हीएनसीच्या तक्रारी वेगळ्या. पडदा नुसता राखाडी किंवा काळा आला तर जोडणी झाली आहे, डेस्कटॉपचं वातावरण मात्र सुरू झालेलं नाही. सुरुवातीची स्क्रिप्ट बघा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. पोर्ट ५९०० अधिक डिस्प्लेचा आकडा, म्हणून १ साठी ५९०१. उबुंटूवर टायगरव्हीएनसी हा व्हीएनसी सर्व्हर बहुतेक वेळा फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनमधून ऐकतो, आणि तेच बरोबर आहे: एसएसएचच्या बोगद्यातून जा. उत्तरच न येता वेळ संपली तर दोष नेटवर्कचा. एक मशीन गेस्ट वायफायवर असतं, नाहीतर राउटरने आयपी बदललेला असतो.

कोणतं घ्यायचं? एखादा एडिटर, एखादी छोटी खिडकी यांना एक्स फॉरवर्डिंग मला आवडतं. बाकी पसारा लागत नाही. क्यूजीआयएससारखं जड काम मात्र मी व्हीएनसीवरच करायला सांगतो. एक्समध्ये सूचनांची ये-जा फार असते आणि दोन भिंतींपलीकडचं वायफाय तिथे थकतं. दुसरं कारण आपल्या पुण्यातलं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, डेस्कटॉप इन्व्हर्टरवर चालू राहतो, राउटर बंद पडतो. जोडणी तुटली की एक्सवरचा प्रोग्रॅम मरतो, आणि न साठवलेला नकाशा गेला. व्हीएनसीचं सत्र डेस्कटॉपवरच असतं. राउटर सुरू झाला की पुन्हा जोडा, माउसचा बाणसुद्धा होता तिथेच सापडेल.

एक अट आहे. हे वेगळ्या काढलेल्या व्हीएनसी सत्राबद्दल झालं. समोरच्या मॉनिटरवर चालू असलेला पडदाच हवा असेल, तर वेलँडवर (एक्सच्या जागी आलेली नवी यंत्रणा) लॉगिन केलेल्या उबुंटूत 'एक्स११व्हीएनसी' चालत नाही. तिथे सेटिंग्जमधला रिमोट डेस्कटॉप सुरू करा. उबुंटू २२.०४ पासून तो आरडीपीने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपच्या भाषेत बोलतो, त्यामुळे लॅपटॉपवर व्हीएनसीऐवजी आरडीपीचा प्रोग्रॅम लागेल.