‘आता पुढचा कोण?’ : युनायटेडच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

२२ मे २०२५ ची सकाळ. बिल्बाओतला युरोपा लीगचा (युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेचा) अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला आणि अडीचच्या आसपास संपला. मँचेस्टर युनायटेड हा आमचा लाडका इंग्लिश फुटबॉल क्लब टॉटनहॅमकडून ०-१ हरला. सकाळी सातला पार्क चौकाजवळच्या टपरीवर आम्ही पाचजण जमलो, तेव्हा कुणाचाच डोळा लागलेला नव्हता. एकाने पुडीतले शेंगदाणे काढून टेबलावर मांडले : मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन. युनायटेडचा प्रशिक्षक रुबेन अमोरिमची ही मांडणी. मग मधल्या चारातल्या आतल्या दोन दाण्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, “इथं दोघंच उरतात बे. समोरून तिघं आले की संपलं.”

“मग ग्लासनर कसा जिंकला? त्याचे पण मागं तीनच की,” दुसऱ्याने विचारलं. प्रश्न बिनतोड होता. पाचच दिवस आधी ऑलिव्हर ग्लासनरच्या क्रिस्टल पॅलेसने मँचेस्टर सिटीला १-० हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडचा बाद फेरीचा करंडक, उचलला होता. तिथून अमोरिमच्या जागी कोण, याची नावं सुरू झाली. ग्लासनरला आणा, बोर्नमथच्या इराओलाला आणा, पोचेटिनोला अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडून सोडवून आणा. तीन दिवसांनी इंग्लंडची प्रीमियर लीगही संपली. युनायटेड पंधराव्या क्रमांकावर, ४२ गुण, १८ पराभव. १९७३-७४ मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला, त्यानंतरचा हा सर्वांत वाईट हंगाम.

१९७४ चं साल इथे सहज आलेलं नाही. तेव्हा आम्ही जे पाहत होतो ते युनायटेडमध्ये आधी एकदा घडून गेलेलं होतं, आणि बऱ्याच बारकाव्यांसकट.

हा क्लब मुळात रेल्वे कामगारांचा. १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कारखान्यातल्या लोकांनी तो काढला. कर्जात बुडाल्यावर १९०२ मध्ये नवं नाव आणि नवा पैसा मिळाला. आमच्यातले दोघं रेल्वे क्वार्टरमध्येच वाढले, त्यामुळे हा भाग त्यांना तोंडपाठ आहे. पण मॅनेजर (संघ निवडणारा आणि चालवणारा माणूस) म्हणजेच क्लब, ही समजूत मॅनेजर मॅट बसबींपासूनची. १९४५ मध्ये ते आले तेव्हा क्लबच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, जर्मन बॉम्ब पडलेले होते आणि घरचे सामने सिटीच्या मैदानावर होत होते. पोरवयातले खेळाडू घेऊन त्यांनी संघ बांधला. ६ फेब्रुवारी १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात त्यातले आठ खेळाडू गेले. बसबी स्वतः मरणाच्या दारातून परतले, पुन्हा संघ उभा केला आणि १९६८ मध्ये बेनफिकाला ४-१ हरवून युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वांत मोठा करंडक, जिंकला.

पुढच्याच वर्षी ते पायउतार झाले आणि पहिल्यांदा प्रश्न आला : आता पुढचा कोण?

उत्तर म्हणून ३१ वर्षांच्या विल्फ मॅक्गिनेसना आणलं. पण त्यांना आधी ‘मॅनेजर’ केलंच नाही. पद होतं ‘चीफ कोच’, आणि बसबी वर जनरल मॅनेजर म्हणून बसलेले. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर ऊठबस होती अशा बड्या खेळाडूंना शिस्त लावायची, आणि डोक्यावर साहेब जुनेच. डिसेंबर १९७० मध्ये मॅक्गिनेस गेले आणि बसबी काही महिन्यांसाठी परत आले. मग फ्रँक ओफॅरेल दीड वर्ष टिकले, तेव्हा बसबी संचालक मंडळावर होते. मग टॉमी डॉकर्टी आले. २७ एप्रिल १९७४ ला युनायटेडचाच एकेकाळचा लाडका डेनिस लॉ सिटीकडून युनायटेडविरुद्ध खेळत होता. त्याने टाचेने गोल केला आणि आनंद न करता मान खाली घालून चालत राहिला. इतर निकाल असे लागले की तो गोल झाला नसता तरी युनायटेड खाली जाणारच होतं. तरी लोकांच्या लक्षात राहिली ती टाचच.

डेव्ह सेक्स्टन १९८१ मध्ये शेवटचे सात सामने सलग जिंकूनही काढले गेले. रॉन अ‍ॅटकिन्सननी दोन एफए कप दिले, पण लीग नाही. १७ वर्षांत पाच माणसं.

नोव्हेंबर १९८६ मध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसन आले. ‘त्यांनाही वेळ दिला होता’ हे वाक्य आमच्या कट्ट्यावर रोज ऐकू येतं. खरं आहे ते. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांनाही घालवा असं सांगणारा फलक ओल्ड ट्रॅफर्डवर फडकला होता, आणि तो हंगाम युनायटेडने तेराव्या क्रमांकावर संपवला. पण त्याच हंगामात एफए कप आला. लीग जिंकायला १९९३ उजाडलं, २६ वर्षांनी. पुढे १९९९ चा तो बार्सिलोनातला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. आमच्या कट्ट्यावरच्या दादांनी तो रात्री केबलवर, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद करून पाहिला. भरपाईच्या वेळेत शेरिंगहॅम आणि सोल्शार यांचे दोन गोल झाले, आणि त्यांना ओरडताही आलं नाही. हे सांगताना दादांचा आवाज आजही बदलतो.

पण ‘वेळ दिला होता’ एवढंच म्हटलं की अर्धी गोष्ट निसटते. फर्ग्युसननी त्या काळात खेळाडू शोधणारी माणसं वाढवली, पोरांची अकादमी नव्याने बांधली. कोण घ्यायचा, कोण विकायचा, हे त्यांच्या हातात होतं. २०१३ मध्ये ते गेले, त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेले. दोन्ही खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्या. मालक ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये क्लब घेताना उचललेलं कर्ज क्लबच्याच माथ्यावर होतं, ते तसंच राहिलं.

त्यानंतर २०२५ पर्यंत सहा कायमचे मॅनेजर झाले, अमोरिम सहावा. डेव्हिड मोयेसना सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत काढलं. व्हान हालना एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत निरोप. मुरिन्योने दोन मोठे करंडक दिले आणि एकदा दुसरा क्रमांक. सोल्शारने सगळ्यांना पुन्हा हसवलं, मग वॉटफर्डकडून १-४ हरल्यावर तेही गेले. टेन हागचा करार जुलै २०२४ मध्ये वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनाच घालवलं. प्रत्येकाला वेगळ्या तऱ्हेचा खेळाडू हवा होता आणि प्रत्येकाचे उरलेले खेळाडू पुढच्याच्या गळ्यात पडले. फुटबॉल संचालक हे पद तर क्लबने २०२१ मध्ये प्रथम निर्माण केलं. २०२४ च्या उन्हाळ्यात आणलेले क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थ पाच महिन्यांत गेले.

आणि अमोरिमचं पद काय होतं? ‘हेड कोच’. मॅक्गिनेसनंतर ५५ वर्षांनी जवळपास तोच शब्द. टपरीवर मी हे बोलून दाखवलं तेव्हा ग्लासनरवाला थोडा गप्प झाला.

माझं त्या दिवसांतलं मत मी तिथंही मांडलं आणि इथंही मांडतो. अमोरिमने २७ लीग सामन्यांत फक्त सात जिंकले, हे मी झाकत नाही. पण तीन बचावपटूंची मांडणी त्याची, आणि हाताखालचा संघ चार बचावपटूंच्या खेळासाठी जमवलेला. उद्या ग्लासनर आला तरी मधले ते दोन दाणे तेच राहणार. खेळाडू कोण निवडतो, हे आधी ठरवा. हरल्यावर अमोरिम म्हणालाच होता, की मंडळाला आणि चाहत्यांना मी नको असेन तर नुकसानभरपाई न मागता जाईन. असं बोलणाऱ्या माणसाला एक उन्हाळा मिळायला हवा.

“आणि डिसेंबरपर्यंत पण असंच चाललं तर?” दाणे मांडणाऱ्याने विचारलं.

पुढच्या, २०२५-२६ च्या हंगामात युरोपातले सामने नव्हते. आठवड्याच्या मधल्या रात्री मोकळ्या, सरावाला भरपूर दिवस. दादा एवढंच म्हणाले, “डिसेंबरला बोलू की,” आणि चहाचे पैसे द्यायला उठले.