स्किडर चालवण्याचं प्रशिक्षण

तोडलेल्या झाडाचं एक टोक उचलून बाकीचं खोड जमिनीवरून ओढत ट्रक लागतो त्या जागेपर्यंत, म्हणजे लँडिंगपर्यंत, आणणारं मशीन म्हणजे स्किडर. लाकूडतोड कामगारांना ते जीव सांभाळून आणि वेळ, डिझेल, जमीन वाया न घालवता चालवायला शिकवणं हे स्किडर प्रशिक्षण. मशीनला चार मोठे रबरी टायर, पुढे ब्लेड, आणि मधोमध सांधा असतो, त्यामुळे स्टिअरिंग फिरवलं की नुसती चाकं वळत नाहीत, आख्खं मशीन कमरेत वाकतं. विंच (वायर गुंडाळून ओढणारं रीळ) आणि वायर रोपवाला केबल स्किडर आणि मागे पंजा असलेला ग्रॅपल स्किडर असे दोन मुख्य प्रकार. जॉन डिअरचं ४४० मॉडेल १९६५ ला आलं आणि त्या काळापासून उत्तर अमेरिकेच्या जंगलात असं सांध्याचं मशीन रुळत गेलं.

गोव्यात हे मशीन सहसा बघायला मिळत नाही. सत्तरी, सांगे, काणकोणकडे खाजगी जमिनीतला साग किंवा अकेशिया तोडायला १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली ट्री ऑफिसरची परवानगी लागते, ती मिळाली की ओंडके माणसं ढकलत आणतात नाहीतर शेतीच्या ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढतात. म्हणून हे प्रशिक्षण इथे कामाचं नाही असं वाटेल, पण उलट आहे. साखळी ट्रॅक्टरच्या मागच्या अ‍ॅक्सलपेक्षा वर बांधली आणि ओंडका खुंटाला अडकला की पुढची चाकं उचलतात, आणि साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा कोनात जातो की तिथून तो परत खाली येत नाही, मागेच उलटतो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. म्हणून साखळी खाली ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ओढपट्टीलाच बांधायची, हे ट्रॅक्टरवाल्यालाही पहिल्या दिवशी सांगायला हवं.

२०१२ ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली, सांगे भागातले एक्स्कॅव्हेटर आणि टिपर चालवणारे बरेच लोक घरी बसले, आणि असा ऑपरेटर स्किडरचे लिव्हर पटकन शिकेल यात शंका नाही. पण टिपरचा माल हौद्यात बसलेला असतो, इथे माल मागे जमिनीवर लोळत येतो, खुंटात अडकतो, वळणावर बाहेर फेकला जातो, उतारावर पुढे सरकून मशीनलाच धडकतो. त्यामुळे हात तयार असला तरी नजर नव्यानेच तयार करावी लागते.

म्हणून चांगला प्रशिक्षक आधी मशीन चालू करू देत नाही, आधी चालत जागा फिरवतो. खुंट कुठे, दगड कुठे, ओढा कुठे, जमीन कुठे मऊ, कुठलं सुकं झाड नुसत्या धक्क्याने पडेल हे बघून घ्यायचं. मग ओंडक्याचं वजन अंदाजाने काढायला शिकवतात. सव्वा मीटर घेराचा आणि सहा मीटर लांब ओंडका साधारण पाऊण घनमीटर भरतो, आणि माट्टीसारखं जड लाकूड ओलं असलं तर घनमीटरला टनाच्या आसपास धरायचं, म्हणजे एकच ओंडका पाऊण टनाचा. असे चार एकदम लावायचे का, हे चढ बघून ठरतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९८ च्या वनकामाच्या नियमावलीत, कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर, रबरी टायरच्या स्किडरला ३५ टक्के चढ ही मर्यादा दिली आहे, आणि पावसात लाल माती भिजली की त्याच्या खूप आधीच थांबायला हवं. उतारावर सरळ खाली नाहीतर सरळ वर जायचं, आडवं जायचं नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो एकाच गोष्टीला, ओढलेलं सोडून द्यायला. चढावर पुढची चाकं हलकी झाली, किंवा ओंडका अडकून मशीन एका बाजूला कलायला लागलं, की अ‍ॅक्सिलरेटर नाही, स्टिअरिंग नाही, विंच मोकळी सोडायची आणि लोड जमिनीवर पडू द्यायचा. माणसाचा हात हे आपणहून करत नाही, एवढ्या कष्टाने ओढलेलं सोडवत नाही, म्हणून सपाट जागेवर, हलक्या ओंडक्यावर हे पुन्हा पुन्हा करून घेतात, हात न बघता लिव्हरवर जाईपर्यंत. तरीही मशीन उलटलंच तर बाहेर उडी मारायची नाही, बेल्ट लावून केबिनमध्येच घट्ट धरून बसायचं, कारण केबिनची मजबूत चौकट त्यासाठीच असते आणि उडी मारणारा बरेचदा त्याच मशीनखाली सापडतो.

ट्रेनिंग नुसतं ड्रायव्हरचं नसतं. ओंडक्याला चोकर, म्हणजे फासाची वायर, लावणारा माणूस जास्त धोक्यात असतो, तरी त्याला शिकवायचं बरेचदा राहूनच जातं, हे चूक आहे. त्याने चोकर टोकापासून जवळच घट्ट बसवायचा, मग चढाच्या बाजूला लांब जाऊन उभं राहायचं, आणि तो दिसल्याशिवाय, त्याने हाताने खूण केल्याशिवाय ऑपरेटरने विंच ओढायची नाही. वायर जिथे वाकते त्या कोनाच्या आतल्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही, वायर सुटली तर ती तिकडेच झेप घेते. मशीनच्या मधल्या सांध्याजवळही इंजिन चालू असताना जायचं नाही, चेंगरायला स्टिअरिंगचा एक झटका पुरतो. झाड तोडणाऱ्यापासून निदान दोन झाडांच्या उंचीएवढं अंतर ठेवायचं हा अमेरिकेच्या ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा नियम, त्याच नियमात सगळ्यांना प्रथमोपचार शिकवणं आणि नवा माणूस एकट्याने नीट काम करून दाखवेपर्यंत त्याच्यावर जवळून देखरेख ठेवणं बंधनकारक आहे.

काम लवकर उरकायचं ते वेगाने नाही. रिकामं जाणं, चोकर लावणं, विंचने ओढणं, भरून येणं, सोडणं अशी एक फेरी असते, तिचा प्रत्येक भाग घड्याळ लावून बघितला की वेळ कुठे जातो ते कळतं, आणि तो बरेचदा चोकर लावण्यात जातो. मशीन यायच्या आधीच चोकर लावून ठेवले, झाडं वाटेला तिरकी पाडली, तर फेऱ्या आपोआप वाढतात. वाट मात्र एकच ठरवून तीच वापरायची, कारण माती दबायची ती पहिल्या काही फेऱ्यांतच बरीचशी दबते, सगळीकडे फिरलं तर सगळी जमीन खराब होते.

उन्हाळ्यात मशीनच्या पोटाखाली आणि एक्झॉस्टजवळ साचलेला पालापाचोळा रोज काढायचा, अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवायचा. मार्च २०२३ ला गोव्याच्या जंगलात लागलेले वणवे बघितलेल्याला याचं कारण सांगायला नको. शेवटचा धडा पावसाच्या आधीचा, काम संपल्यावर वाटेवर ठिकठिकाणी तिरके चर आणि छोटे बांध घालायचे, म्हणजे जूनमध्ये पाणी वाटेवरून धावण्याऐवजी बाजूच्या झाडीत उतरतं.