मत्स्यपालन सहकारी संस्था : नाशिक जिल्हा

जलाशय, गावतळे किंवा पाझर तलावात मासे वाढवून विकणाऱ्या लहान मच्छीमारांनी एकत्र येऊन चालवलेली, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली संस्था. समुद्रापासून दूर असलेल्या नाशिक जिल्ह्यात हा व्यवसाय उभा राहिला तो धरणांमुळे. दारणा (१९१६), गंगापूर (१९६५) आणि गिरणा ही त्यांतली मोठी नावे. करंजवण, पालखेड, मुकणे, चणकापूर अशी आणखी कितीतरी. भोई, कहार, कोळी, भिल्ल आणि धरणात जमीन गेलेली काही कुटुंबे यावर जगतात.

यांतल्या बहुतेकांकडे स्वतःचे पाणी नाही, आणि संस्थेचे पहिले मोल इथेच आहे. शासकीय जलाशय मत्स्यव्यवसाय विभागामार्फत साधारणपणे पाच वर्षांच्या ठेक्याने दिले जातात आणि त्यात मच्छीमार संस्थांना प्राधान्य असते. एकट्या भूमिहीन माणसाला शेकडो हेक्टर पाण्याचा ठेका परवडत नाही. संस्थेचा सभासद म्हणून मात्र त्या पाण्यात त्याचा हक्काचा वाटा असतो.

दुसरा फायदा बीजाचा, म्हणजे तलावात सोडायच्या माशांच्या पिल्लांचा. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे जलाशयाच्या साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करत नाहीत, त्यामुळे दरवर्षी बीज बाहेरून आणून सोडावे लागते. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले, स्वस्त पडते, पण धरणातले मोठे मासे ते फस्त करतात. बोटभर लांबीची बोटुकली महाग असली तरी जगते. पावसाळ्यात ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिक पिशव्यांतून बोटुकली येते. पिशवी काठावर येताच फोडायची नसते. ती तशीच बंद, पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवतात. आतल्या-बाहेरच्या पाण्याचे तापमान सारखे झाले की तोंड सोडतात आणि पिल्ले आपणहून बाहेर पडतात. घाई केली तर त्यांना धक्का बसतो आणि मोठी मरतूक होते. गाडीभाडे, बीजाची रक्कम आणि हे काम जाणणारे हात, तिन्ही संस्थेमुळे एकत्र येतात. जाळ्याच्या आसाचा (छिद्राचा) आकार ठरवणे आणि लहान मासळी धरू न देणे हेही एकट्याच्या आवाक्यातले नाही.

विक्रीत चित्र इतके सरळ नाही. जाळे, होडी, घरातले आजारपण यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेला मच्छीमार मासळी त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने देतो. ज्या संस्था स्वतः कर्ज देतात, बर्फाची सोय करतात आणि वजन आपल्या काट्यावर करतात, तिथे ही पकड सैल होते. अनेक संस्थांचे काम मात्र ठेक्याच्या रकमेपुरतेच उरते. सर्वांत घातक प्रकार म्हणजे ठेका संस्थेच्या नावावर आणि पैसा ठेकेदाराचा. सभासद आपल्याच तलावावर मजूर होतो. क्रियाशील मच्छीमारच सभासद असावेत हा आग्रह यासाठीच महत्त्वाचा आहे, आणि तो कागदावर राहणे हा या सहकाराचा खरा दोष आहे.

पाण्याचा निर्णयही संस्थेच्या हाती नसतो. धरणे सिंचन आणि पिण्याच्या पाण्यासाठी आहेत. समन्यायी पाणीवाटपाच्या धोरणानुसार गोदावरीवर खाली असलेल्या जायकवाडी धरणात पाणी कमी असेल, तर गंगापूर, दारणा, पालखेड धरणसमूहांतून ते खाली सोडावे लागते. पातळी झपाट्याने उतरली की मासळी वाढीच्या आधीच काढावी लागते किंवा प्रवाहाबरोबर निघून जाते. बीजाचा खर्च तेव्हा सभासदांच्या अंगावर पडतो.

मध्य प्रदेशातील तवा जलाशयाचा अनुभव इथे उपयोगी आहे. धरणग्रस्त आदिवासींच्या तवा मत्स्य संघाला १९९६ मध्ये मासेमारीचा हक्क मिळाला. प्राथमिक संस्थांचा हा संघ बीज सोडणे, मासळी गोळा करणे आणि बाहेरच्या बाजारात विकणे ही कामे स्वतः करू लागला, आणि मच्छीमारांचे उत्पन्न वाढले. २००६ मध्ये व्याघ्र प्रकल्पाशी निगडित निर्बंधांमुळे तो हक्क गेला. चांगली चाललेली संस्थाही ठेक्याच्या मुदतीपलीकडे सुरक्षित नसते, हे भारतात याहून स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

निफाड, दिंडोरी, चांदवड भागांत द्राक्षबागांसाठी खोदलेल्या, प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यांतही आता मासे सोडले जातात. हे पालक जमीनमालक आहेत. त्यांची अडचण पाण्याच्या हक्काची नसून खाद्य आणि बाजाराची आहे. ठेक्यासाठी घडलेली जुनी संस्था त्यांना फारशी उपयोगी पडत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मत्स्यपालकांनी मिळून काढलेल्या मत्स्य उत्पादक कंपन्यांना साहाय्य आहे, आणि हा मार्ग त्यांना अधिक जुळतो.

याच योजनेत व्यक्तिगत प्रकल्पांसाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्य आहे. बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बहुतांशी बायकाच असतात. संस्थेच्या सभासद-यादीत मात्र नाव सहसा घरातल्या पुरुषाचे असते, आणि सभासद नसलेल्या बाईला वार्षिक सभेत मत नसते.