पुराच्या गाळावरचे वाल

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली, ते अनेकांना आठवत असेल. ठाणे जिल्ह्यात पूर म्हटला की बातमी अशीच असते. नदीकाठच्या शेतात त्याच पाण्याचा हिशेब मात्र दिवाळीनंतर लागतो. भात कापून झालेलं, पाऊस गेलेला, ओलिताची सोय नाही. तरी मोकळ्या खाचरात वाल पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेंगा काढतात. मध्ये एकदाही पाणी नाही.

किमया पुरानं आणून टाकलेल्या चिकणमातीची. तिचे कण फार बारीक, त्यामुळे त्यांच्यामधल्या फटीही सूक्ष्म. अशा फटींतलं पाणी सहजासहजी खाली निथळत नाही. वरचा थर सुकत जातो तसं वालाचं सोटमूळ ओलीच्या मागे खाली उतरतं. सगळा खेळ आहे तो वाफशाचा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, पेरणीजोगी ओली असण्याचा. चिखल असताना पेरलं तर हवेअभावी बी कुजतं. उशीर केला तर जमीन टणक होते, भेगा पडतात आणि त्या भेगांतून उरलीसुरली ओलही उडून जाते. मुठीत माती दाबून हा वाफसा ओळखणाऱ्या माणसाला ‘पारंपरिक शेतकरी’ म्हणून बाजूला सारतात, हे मला पटत नाही. कमी खर्चाची शेती ही जास्त जाणकारीची शेती असते.

पाण्यासारखंच युरियाचं, तोही वरून घालावा लागत नाही. वालाच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन पिकाला घेता येईल अशा रूपात आणतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. गाठ नखानं फोडून पाहावी: आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. शेंगा घरात येतात, पण मुळं आणि गळलेला पाला शेतातच राहतो. त्यातला थोडा नायट्रोजन पुढच्या भाताला मिळतो. गावरान वाल फुलायला दिवस लहान व्हावे लागतात, म्हणून हे पीक थंडीचंच.

अडचण वेगळीच आहे. कल्याण-भिवंडीकडे वीटभट्ट्यांसाठी शेताची वरची माती उचलली जाते. सेंद्रिय अंश आणि जिवाणू सर्वांत जास्त असतात ते याच थरात. काही ठिकाणी तर पूररेषेच्या आतही भराव पडतो. जिवाणू परत आणता येतात, पेरणीआधी बियाण्याला रायझोबियमचं संवर्धक, म्हणजे पाकिटात मिळणारं जिवाणूंचं खत, चोळून. पण नदीनं वर्षानुवर्षं आणून टाकलेली माती पाकिटात मिळत नाही.