९० सेंट भाव म्हणजे विजय नव्हे

‘बाजार ९० टक्के सांगत होता, तरी हरले, म्हणजे सामना फिक्स!’ अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलचे प्लेऑफ (बाद फेरीच्या मालिका) आले की ही ओरड ठरलेली. कालशीसारख्या अंदाज-बाजारात, म्हणजे निकालांवर करार विकत घेता येतात तिथे, खरा ठरलेला करार १ डॉलर देतो, चुकलेला शून्य. भाव ९० सेंट असेल, म्हणजे शक्यता ९० टक्के, तर दहातला एखादा सामना उलटायलाच हवा. कधीच उलटला नाही, तर भावच चुकला म्हणायचा. तेही शेकडो सामने मोजून, एकावरून नाही.

असा उलटलेला एक सामना पाहा. ५ जून २०२५, ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या एनबीए अंतिम मालिकेचा पहिला सामना. चौथ्या क्वार्टरमध्ये १५ गुणांनी मागे पडलेल्या इंडियाना पेसर्ससाठी हॅलिबर्टनने ०.३ सेकंद उरले असताना बास्केट केली. १११-११०. सामनाभरातली त्यांची ती एकमेव आघाडी! मालिका मात्र ओक्लाहोमा सिटीनेच ४-३ जिंकली.