चिपिंग कॅम्डन: बाजार उठल्यानंतरचं बाजारगाव

ग्लॉस्टरशायरच्या उत्तर टोकाला असलेलं चिपिंग कॅम्डन आपल्याकडचे पर्यटक बहुतेकदा ऑक्सफर्ड-स्ट्रॅटफर्डच्या फेरीत दोन तास काढून उरकतात. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, एक लांबलचक वळणदार रस्ता, त्यात मधोमध कमानींचा बाजारमंडप. फोटो होतात, चहा होतो, गाडी पुढे निघते. घरी आल्यावर फोटोखाली ‘मध्ययुगीन खेडं’ असं लिहिलं जातं. त्यातलं ‘मध्ययुगीन’ अर्धंच खरं आहे, आणि ‘खेडं’ म्हणावं की नाही हा तर आठशे वर्षांचा गुंता आहे.

आधी नाव. ‘चिपिंग’चा कपच्यांशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बाजार असा होता. लंडनमधला चीपसाइड, स्वस्त या अर्थाचा ‘चीप’, स्वीडनमधल्या लिनशॉपिंग आणि नॉरशॉपिंगचं शेपूट, कोपनहेगनचं डोकं, ही सगळी एकाच कुळातली मंडळी. तेव्हा चिपिंग कॅम्डन म्हणजे सरळसरळ ‘कॅम्डन बाजार’. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे वेगळी ओळखावी लागतात, तसं इथे मैलभरावरच्या ब्रॉड कॅम्डनपासून हे वेगळं सांगावं लागे. तिथले लोक बोलताना हा बाजार गाळतात आणि नुसतं ‘कॅम्डन’ म्हणतात. इंग्रजीत लिहिताना मधे ‘प’ असतो, उच्चारताना तोही गळतो.

‘मार्केट टाउन’ला आपण ‘बाजाराचं गाव’ म्हणतो आणि डोळ्यांसमोर आठवडी बाजार आणतो, तिथेच घोटाळा सुरू होतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बाजार हा माणसांचा जमाव नसून हक्क होता. राजाकडून जमीनदाराला तो मिळे: ठरलेल्या वारी बाजार, वर्षातून अमुक दिवस जत्रा, आणि तिथे येणाऱ्या मालावर वसुली. कॅम्डनच्या जमीनदाराला तो 1175 च्या सुमारास, दुसऱ्या हेन्रीच्या काळात मिळाला. आपल्याकडे पेठ वसवण्यासाठी शेटे-महाजनांना कौल दिला जाई, साधारण तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे कौल घेणारा स्वतःच जमिनीचा धनी. तेराव्या शतकातल्या एका कायदाग्रंथानं तर दोन बाजारांमध्ये किती अंतर असावं याचाही हिशेब दिला आहे: 6 पूर्णांक 2/3 मैल. माणूस दिवसाला वीस मैल चालतो, त्यातला एक तृतीयांश जाण्याला, एक तृतीयांश खरेदी-विक्रीला आणि उरलेला परत येण्याला. अंधार पडायच्या आत घर गाठता आलं पाहिजे आणि शेजारच्या बाजाराच्या पोटावर पायही पडता कामा नये. इंग्लंडच्या नकाशावर जुनी बाजारगावं इतकी दाट का दिसतात, त्याचं बरंचसं कारण या पायी चालण्याच्या गणितात आहे.

बाजाराचा हक्क वेगळा आणि ‘बरो’, म्हणजे नगराचा दर्जा असणं वेगळं. बरोमधला रहिवासी जमीनदाराच्या शेतात राबायचा नाही, जागेचं रोख भाडं द्यायचा. भाडं रस्त्यावरच्या दर्शनी जागेचं असल्यानं समोरून अरुंद आणि मागे लांबच लांब अशा पट्ट्या पाडल्या गेल्या. मुख्य रस्त्यावरची घरं आजही त्या पट्ट्यांवर उभी आहेत, आणि पट्ट्या जिथे संपतात त्या मागच्या गल्लीचं नाव ‘बॅक एंड्स’ आहे. ज्याला खरं मध्ययुग पाहायचं आहे त्यानं कमानींचे फोटो पुरे करून या गल्लीत जावं. दगड बदलले, दारं-खिडक्या बदलल्या, पण जमिनीची आखणी बदललेली नाही. 1605 मध्ये कॅम्डनला नगराची राजसनद मिळाली. 1880 च्या दशकात अशा निस्तेज झालेल्या अनेक लहान नगरांबरोबर ती रद्द झाली. म्हणजे ज्या काळात पर्यटक ‘जुनं मार्केट टाउन’ शोधत यायला लागले, त्याच सुमारास कागदोपत्री कॅम्डन नगर राहिलं नव्हतं.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. चौदाव्या-पंधराव्या शतकात पैसा आला तो लोकरीचा. मेंढ्या आसपासच्या टेकड्यांवरच्या, गिऱ्हाईक थेट फ्लँडर्स आणि इटलीतलं. 1401 मध्ये वारलेल्या एका व्यापाऱ्याच्या थडग्यावरच्या पितळी पत्र्यावर त्याला साऱ्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांचं फूल म्हटलं आहे. आपण तुरा म्हणू. त्यानं राजालाही कर्ज दिलं होतं. त्याचं 1380 च्या सुमाराचं घर मुख्य रस्त्यावर अजून आहे. पुढे कच्च्या लोकरीपेक्षा कापडाची निर्यात वाढली, आणि कापडाला लागणारं वेगानं वाहणारं पाणी दक्षिणेला स्ट्राउडच्या खोऱ्यात होतं. धंदा तिकडे सरकला. ज्या बाजारमंडपाचा फोटो सगळे काढतात तो 1627 चा, लोणी, चीज आणि कोंबड्या विकणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर म्हणून एका लंडनच्या धनाढ्यानं बांधून दिलेला. लोकरीचं वैभव तोवर ओसरलं होतं. त्याच गृहस्थाचा चर्चशेजारचा वाडा 1645 मध्ये यादवी युद्धात राजाच्याच सैन्यानं माघार घेताना जाळला. 1660 मध्ये इथून एक माणूस नाहीसा झाला, त्याच्या खुनाबद्दल तिघांना फाशी दिलं आणि नंतर तो माणूस चालत परत आला. ती गोष्ट मार्गदर्शक रंगवून सांगतात, इथे तिचं काम नाही.

खरा वाद 1902 चा. त्याच्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण आजचं कॅम्डन त्या निर्णयातून आलं आहे, लोकरीतून नव्हे.

पूर्व लंडनमध्ये 1888 पासून चालणारा हस्तकारागिरांचा एक संघ होता. चांदीकाम, दागिने, लोहारकाम, लाकडी फर्निचर, छपाई. कारखान्यातल्या यंत्रांनी कामातला आनंद मारला, तो परत मिळवायचा असं त्याचं ध्येय. जागेचा करार संपत आला तेव्हा संस्थापक वास्तुविशारदानं कल्पना मांडली की शहर सोडायचं. मतदान झालं, बहुमतानं ठरलं, आणि बायका-मुलं धरून दीडशेच्या आसपास लंडनकर या ओस पडत चाललेल्या गावी राहायला आले. शीप स्ट्रीटवरची बंद पडलेली रेशीम गिरणी कारखाना झाली.

याची गोष्ट सहसा अशी सांगितली जाते: आदर्शवादी माणसं आली, गावानं त्यांना समजून घेतलं नाही, संघ बुडाला. मला ती एकांगी वाटते. गावातली बरीच घरं एका उमरावाच्या इस्टेटीची होती. शेतमजुराला न झेपणारं भाडं लंडनचा कारागीर देऊ शकत होता, आणि जुन्या भाडेकरूंना उठवून त्यांना घरं दिल्याची कुरबुर पहिल्याच वर्षी सुरू झाली. दुकानदारांनीही पाहुण्यांचा भाव वेगळा लावला. दुसरीकडे हेही खरं, की संघानं गावात पोहण्याचा हौद बांधला आणि कला-हस्तकलेची शाळा काढली. तिच्या वर्गांत गावातली पोरंही जात. भांडण नीटनेटकं नव्हतं.

संघ 1907-08 मध्ये बुडाला, त्याला मात्र गावकरी जबाबदार नव्हते. लंडनमधल्या एका मोठ्या दुकानानं तशाच घाटाच्या वस्तू यंत्रावर बनवून स्वस्तात विकायला घेतल्या. हौशी लोक पोटापाण्याचा विचार न करता दागिने घडवायला लागले. आणि शहरात मंदी आली की कारागीर दोन महिने दुसरीकडे काम धरायचा, ती सोय या टेकड्यांत नव्हती. शहर सोडण्याचा निर्णय इथेच अंगाशी आला. ज्या गावाचा बाजार कधीच मोडला होता, तिथे कारागिरीचा बाजार उभा राहील हे गृहीतकच चुकीचं होतं. काहीजण तरीही मागे राहिले. त्यांच्यातल्या एका चांदीकाराचे वंशज आजही त्याच गिरणीत हातोडी चालवतात, आणि ते बघायला जिना चढून वर जाता येतं. गावभेटीत एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी.

याच काळात ब्रॉड कॅम्डनमधल्या एका पडक्या नॉर्मन प्रार्थनाघराची दुरुस्ती होऊन त्यात एक जोडपं राहायला आलं. पती कोलंबोत जन्मलेला, वडील तमिळ, आई इंग्रज, शिक्षणानं भूशास्त्रज्ञ. संघाचा छापखाना बंद होत असताना तो यानं चालवायला घेतला आणि सिंहली कारागिरीवरचा आपला मोठा ग्रंथ त्या मुद्रणयंत्रावर 1908 मध्ये छापून पुरा केला. पुढे भारतीय शिल्प आणि नटराजाच्या मूर्तीबद्दल जगानं ज्यांचं ऐकलं ते आनंद कुमारस्वामी हेच. भारतीय कलाविचाराचा एक धागा कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या या कोपऱ्यातून गेला आहे, आणि दोन तासांच्या सहलीत त्याचा उल्लेखही होत नाही याचं मला वाईट वाटतं.

पुढचा टप्पा जतनाचा. 1903 च्या सुमारास आलेल्या एका चित्रकारानं इथेच घर केलं आणि 1929 मध्ये मित्रांबरोबर एक विश्वस्त संस्था काढली. मोडकळीला आलेली घरं विकत घ्यायची, स्थानिक दगड आणि जुनी पद्धत वापरून दुरुस्त करायची, मग भाड्यानं द्यायची. विजेच्या तारा खांबांवरून न नेता जमिनीखालून न्यायला लावल्या. डोळ्याला खुपणारी दुकानांची दर्शनी भागं बदलली. म्हणजे आज जे ‘शतकानुशतकं तसंच’ वाटतं, त्यातलं पुष्कळ 1920-30 च्या दशकांत, विचारपूर्वक आणि कधी कधी जरा हट्टानं, तसं करून घेतलेलं आहे. एका नामवंत इतिहासकारानं या रस्त्याला ब्रिटनच्या बेटावर उरलेला सर्वांत सुंदर ‘खेड्यातला’ रस्ता म्हटलं. स्तुती मोठी, पण आठशे वर्षांच्या बाजाराला त्यात खेडं करून टाकलं.

गंमत म्हणजे त्याच दशकांत गावाबाहेर अगदी वेगळं काम चालू होतं. शेजारचं ईव्हशमचं खोरं फळांचं, तेव्हा फळं-भाज्या टिकवण्यावर संशोधन करणारं केंद्र इथे निघालं. घरी वाइन करणारे पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या ज्या गोळ्या घालतात, त्यांना इंग्रजीत ‘कॅम्डन टॅब्लेट’ म्हणतात ते यावरून. जगात या गावाचं नाव चांदीपेक्षा या गोळ्यांनीच जास्त पोचवलं असावं.

1940 च्या दशकात बाजारमंडप एका अमेरिकनाला विकला जाणार होता. गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो घेतला आणि वारसा सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या हवाली केला. 1966 च्या जानेवारीत, 1853 पासून चाललेलं रेल्वे स्थानक बंद झालं. त्याच वर्षी कॉट्सवोल्डच्या टेकड्यांना ‘विशेष निसर्गसौंदर्याचं क्षेत्र’ हा संरक्षित दर्जा मिळाला. रेल्वेनं येण्याची सोय गेली आणि येण्याचं सरकारी कारण आलं. 1972 च्या कायद्यानं लहान ग्रामपरिषदांना ठराव करून स्वतःला ‘टाउन’ म्हणवून घेण्याची मुभा दिली, आणि अडीच हजारांच्या आतल्या वस्तीच्या कॅम्डनला आता पुन्हा टाउन कौन्सिल आहे. यासाठी बाजार भरतो की नाही, हे कोणी विचारत नाही.

आज लंडनच्या पॅडिंग्टनहून गाडीनं मोरटन-इन-मार्शला उतरावं लागतं, तिथून दहा-बारा किलोमीटर बस. बाथपर्यंत जाणारी 164 किलोमीटरची पायवाट बाजारमंडपापाशी सुरू होते. मंडपातली ओबडधोबड फरशी कोंबड्या आणि लोण्याच्या टोपल्यांच्या काळापासूनच झिजत आली आहे, म्हणून पावसात जपून पाय टाकावा. मंडपाभोवती जिथे बाजार भरायचा, ती रुंद जागा बहुतेक वेळा उभ्या मोटारींनी भरलेली असते.